समुद्र कुठे गेला? आणि सुट्टीचे आणखी काही प्रश्न

सुट्टीच्या सहलींबद्दल आलेली पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली. ठिकाण बहुतेकांनी बरोबर निवडलेलं असतं, चुकते ती वेळ. म्हणून या वेळी 'कुठे जावं' यापेक्षा 'कधी पोचावं' याला जास्त जागा दिली आहे. प्रश्न थोडक्यात घेतले आहेत.

प्रश्न : दिवाळीनंतरच्या पौर्णिमेला जोडून शनिवार-रविवार आम्ही मुलांना (वय 5 आणि 9) घेऊन बोर्डीला गेलो. संध्याकाळी साडेपाचला किनाऱ्यावर पोचलो, तर समुद्र पार लांब गेलेला! मुलं पाण्याकडे चालत निघाली आणि घोट्यापर्यंत चिखलात रुतली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाही तेच. बोर्डी कायम अशीच असते का? — एक आई, इंदिरानगर

बोर्डी तशी नाही, तुमची तिथी तशी होती. डहाणू-बोर्डीचा किनारा फार सपाट आहे. वाळूचा उतार शंभराला एक धरला, तर पाणी 3 मीटर उतरलं की कड 300 मीटर मागे जाते. त्यातून कोकणच्या दक्षिण टोकाकडून खंबातच्या आखाताकडे जावं तशी भरती-ओहोटीतली तफावत वाढत जाते. बोर्डी अगदी उत्तरेला, गुजरातच्या हद्दीला लागून. त्यामुळे रत्नागिरीकडे पाहिलेला समुद्र डोळ्यांसमोर ठेवून इथे गेलं की फसगत होते.

कोळीवाड्यांत चालणारा हिशोब सोपा आहे: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, येईल तो आकडा भरतीच्या वेळेचा. षष्ठी असेल तर सहा त्रिक अठरा, भागिले चार, म्हणजे साडेचार. दुपारी साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती, तशीच पहाटेही. त्याच्या सव्वासहा तास आधी आणि नंतर ओहोटी. दर दिवशी वेळ पाऊण तास, कधी पन्नास मिनिटं पुढे सरकते. हिशोबात अर्ध्या-एक तासाचा फरक पडतो, पण सहल ठरवायला एवढं पुरतं. तिथी भिंतीवरच्या कॅलेंडरात असतेच. पाण्यात उतरायचं असेल तेव्हा मात्र त्या दिवसाच्या भरतीच्या छापील किंवा मोबाइलवरच्या वेळा बघाव्यात आणि मुक्कामाच्या घरी विचारून खात्री करावी.

आता तुमची पौर्णिमा घ्या. पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. म्हणजे भरती दुपारी बाराच्या आसपास आणि ओहोटी सकाळी सहा व संध्याकाळी सहाला. तुम्ही दोन्ही वेळा नेमके ओहोटीवर पोचलात. शिवाय पौर्णिमा-अमावस्येला उधाणाची भरती असते: पाणी जितकं वर चढतं तितकंच खोल मागे जातं. अष्टमीच्या सुमारास याच्या उलट, भांगाची भरती. चढ-उतार कमी, ओढही कमी.

म्हणून लहान मुलं असतील तर षष्ठी ते अष्टमीच्या जवळपास येणारा शनिवार निवडा. पक्ष कुठलाही चालेल. त्या दिवसांत भरती संध्याकाळी साडेचार ते सहाच्या दरम्यान येते, सूर्यास्ताला पाणी पायाशी असतं, आणि ओहोटी सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान, म्हणजे तुम्ही जेवून सुरूच्या सावलीत आडवे झालेले असाल तेव्हा पाणी परत चढत असतं. पोरांना क्रिकेट खेळायला, सायकल चालवायला लांब-रुंद ओली वाळू हवी असेल तर मात्र पौर्णिमा-अमावस्येची संध्याकाळच छान. दोन्ही सुट्ट्या चांगल्याच, फक्त त्या वेगळ्या आहेत हे आधी माहीत हवं.

एक धोका सांगायलाच हवा, कारण तो दिसत नाही. सपाट किनारा खरं तर पूर्ण सपाट नसतो. मध्ये लांबट उंचवटे असतात आणि त्यांच्या मागे, किनाऱ्याच्या बाजूला, उथळ चर. ओहोटीला त्या चरांत वीतभर पाणी असतं, मुलं ते तुडवत उंचवट्यावर जातात आणि शिंपले वेचत बसतात. भरती लागली की पाणी समोरून लाटेसारखं येत नाही. आधी तो मागचा चर भरतो. समोर वाळू कोरडी, मागे मात्र गुडघाभर पाणी. भरतीच्या साधारण सहा तासांपैकी तिसऱ्या आणि चौथ्या तासातच निम्मं पाणी चढतं, म्हणून 'आत्ता तर थोडंच होतं' असं वाटत असताना ते कमरेपर्यंत येतं. नियम एवढाच ठेवा: ओहोटीच्या वेळेनंतर अर्ध्या तासात सगळ्यांनी वाळूच्या वरच्या पट्ट्यात परत यायचं, शिंपला कितीही सुंदर असो.

पाण्यात खेळायचं ते भरती चढत असताना, वरच्या वाळूजवळ, मुलांच्या गुडघ्यापर्यंत. पाणी उतरायला लागलं की बाहेर, कारण तेव्हा ओढ समुद्राकडे असते. पावसाळ्याचे चार महिने पाण्यात पाऊलही नको. निळसर फुग्यासारखं काही (जेलीफिशसारखा डंख करणारा जीव) वाळूवर पडलेलं दिसलं तर हात लावू नये, मेलेल्याचे धागेही डंख करतात. डंख झालाच तर चोळू नका, गोड्या पाण्याने धुऊ नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने काढा आणि मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीस मिनिटं बुडवून ठेवा. श्वास लागला किंवा अंगभर पुरळ उठलं तर थेट दवाखाना.

गाडी वाळूवर नेऊ नये. वरची वाळू घट्ट दिसते, खाली चिखल असतो. चाक एकदा फिरलं की एक्सल टेकेपर्यंत खाली जातं, आणि भरती काही ट्रॅक्टरची वाट बघत थांबत नाही.

अंगाला चिकटलेली वाळू ओल्या अंगावर घासली की मुलं रडतात. अंग आधी वाळू द्या, थोडी टाल्कम पावडर टाका आणि कोरड्या कपड्याने झटका. मग आंघोळ. येताना घोलवडचे चिकू घ्या, त्यांना भौगोलिक मानांकन आहे. पिकलेले घेऊ नका, घाटात त्यांचा लगदा होतो. कडक फळ घेऊन सालीवर नखाने हलकं खरवडा: खाली हिरवं दिसलं तर कोवळं, ते पिकणारच नाही, चरबटच राहील. पिवळसर दिसलं तर घ्या, घरी तांदळाच्या डब्यात चार-पाच दिवसांत होतं.

प्रश्न : नाशिकहून बोर्डीला जव्हारवरून जावं की कसाऱ्यावरून? धाकटीला घाटात हमखास उलटी होते. — एक वडील, सातपूर

त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, डहाणू हा रस्ता जवळचा, दीडशे किलोमीटरच्या आसपास. अंतराकडे बघून तीन तास धरू नका, मुलांसह साडेचार धरा. सकाळी सहाला निघालात तर त्र्यंबकची गर्दी लागायच्या आत पुढे जाता. श्रावणातले सोमवार, पौष वद्य एकादशीची निवृत्तिनाथांची यात्रा आणि सिंहस्थाचा पर्वकाळ, या दिवसांत हा रस्ता विसरा आणि कसाऱ्याकडूनच जा.

उलटीचं म्हणाल तर त्र्यंबकच्या पुढे तोरंगण घाटापासून जव्हारपर्यंत वळणं संपत नाहीत. उपाशीपोटी नेऊ नका आणि दूध पाजूनही नेऊ नका. निघण्याच्या तासभर आधी कोरडी पोळी किंवा दोन खाऱ्या पुरेत. मुलीला मागच्या सीटवर मधे, तिच्या पट्ट्यासकट, अशी बसवा की समोरचा रस्ता दिसेल. मोबाइल आणि चित्रांचं पुस्तक बंद. कान गतीची खबर देतो आणि डोळे स्थिर पानावर असतात, या विसंगतीतूनच मळमळ येते. औषध द्यायचं तर मुलांच्या डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे मात्रा विचारून, घाटाच्या तासभर आधी. उलटी सुरू झाल्यावर दिलेली गोळी बाहेरच येते.

आणि निम्मी मळमळ चालवणाऱ्याच्या हातात असते. उतारावर सतत ब्रेक दाबत, वळणात एकदम वळवत गेलात तर औषधही हरतं. ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, बहुधा दुसरा. ऑटोमॅटिक गाडीत 'एल' किंवा '2' लावा. ब्रेक फक्त वळणाच्या आधी. जळका वास आला तर थांबून वीस मिनिटं गाडी गार होऊ द्या, तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते.

प्रश्न : बाहेरचं खाणं टाळायचंय. सहा जणांसाठी एका दिवसाचा डबा काय आणि किती? मागच्या वेळी दुपारपर्यंत पुलाव आंबला. — वाचक, पंचवटी

भात हा सहलीचा पदार्थ नव्हे. शिजलेला भात गरम हवेत दोन-चार तास राहिला की त्यात असे जंतू वाढतात ज्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. आंबट वास यायच्या आधीच तो बाधू शकतो.

दशम्या करा. चार वाट्या पीठ (तीन कणीक, एक ज्वारी), एक सपाट चमचा मीठ, दोन मोठे चमचे गरम तेलाचं मोहन आणि लागेल तसं दूध, साधारण दीड वाटी. पाण्याचा थेंब नको. अर्धा तास झाकून ठेवा, मग लाटून तव्यावर तेल सोडून दोन्ही बाजू भाजा. एवढ्यात चौदाएक दशम्या होतात. सहा जणांना एका जेवणाला वीस हव्यात, म्हणून दीडपट घ्या. दुधामुळे त्या मऊ राहतात. थंडीत दुसऱ्या दिवशीही चालतात, एप्रिल-मेमध्ये त्याच दिवशी संपवा.

बिघडतं ते बांधण्यात. गरम दशमी डब्यात भरली की वाफेचं पाणी होतं आणि खालच्या चार चिकट होतात. सुती कापडावर सुट्या पसरून पूर्ण गार करा, त्याच कापडात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवा. फॉइल शेवटचा पर्याय.

सोबत कोरडी शेंगदाण्याची चटणी: एक वाटी भाजलेले दाणे, दहा लसूण पाकळ्या, दोन चमचे तिखट, मीठ, आणि मिक्सर थांबवत-थांबवत फिरवायचा, नाही तर तेल सुटून गोळा होतो. ओलं खोबरं, दही कालवलेलं काहीही आणि चिरलेला कांदा नको. कांदा अख्खा न्या आणि तिथे बुक्कीने फोडा, चव वेगळीच लागते. पाणी मोठ्या माणसाला 3 लिटर. एक लिटरच्या दोन बाटल्या पाऊण भरून आदल्या रात्री फ्रीजरमध्ये टाका. सकाळी त्या डब्याभोवती बर्फाचं काम करतात आणि दुपारी प्यायला होतात. उन्हाने कुणी गळालं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर अपाय होतो.

प्रश्न : सासूबाईंचे गुडघे दुखतात, मुलगा दहा वर्षांचा आहे आणि गड चढायचा हट्ट धरतो. दोघांनाही आवडेल असं काही? — एक वाचक, नाशिकरोड

दोघांना एकाच दिवशी खूश करायला जाऊ नका, असंच आमचं प्रामाणिक मत. गडाचा हट्ट एका वेगळ्या सकाळी पुरवा. रामशेज शहरापासून जवळ आहे आणि पहिल्या गडासाठी बेताचा. सासूबाईंसह जायचं तर सप्तशृंगीला फ्युनिक्युलर ट्रॉलीने पायऱ्या वाचतात, किंवा डिसेंबर ते फेब्रुवारीत नांदूर मध्यमेश्वरला जा. हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा), गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या बंधाऱ्यामुळे झालेली पाणथळ. चढ नाही, आणि पोरगा पक्षी बघायच्या मनोऱ्यावर चढतोच.

चांदोरी-सायखेड्याकडून चापडगावच्या बाजूला जा. पोचायची वेळ पावणेसात. आठ वाजता निघून दहाला पोचणारी कुटुंबं पाण्यावर काळे ठिपके बघून परततात. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो आणि पहिले दोन तास पक्षी काठाजवळ चरत असतात. ऊन तापलं की बदकं पाण्याच्या मध्यावर जाऊन झोपतात, आणि तापलेल्या पाण्यावरची हवा थरथरायला लागली की भारी दुर्बिणीतूनही काही धड दिसत नाही. निफाडची थंडी चेष्टेची नाही, पारा दहाच्या खाली जातो. सासूबाईंना कानटोपी, मोजे आणि घडीची खुर्ची. मनोऱ्यावर चढायची त्यांना गरज नाही, काठाच्या वाटेवर खुर्ची टाकून बरंच दिसतं. चहाचा थर्मास घरूनच न्या.

दुर्बीण 8×40 च्या आसपासची घ्या: आठ पट जवळ दिसतं आणि समोरची काच 40 मिलिमीटरची, म्हणून पहाटेच्या कमी उजेडातही चित्र स्वच्छ येतं. 20 पटीची स्वस्त दुर्बीण घेऊ नका, हात हलला की पक्षी डोळ्यासमोरून पळतो. लावायची पद्धत मुलाला घरीच शिकवा. उजवी काच हाताने झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला चित्र स्पष्ट करायचं. मग डावी झाकून उजव्या भिंगाजवळची कडी फिरवायची. कडी एकदा जमली की पुन्हा हात लावायचा नाही, पुढचं सगळं काम मधल्या चाकाचं. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप दुमडून आत घ्या.

पहिल्या दिवशी सहा पक्षी पुरेत. काळाकुट्ट, कपाळावर पांढरा टिळा असलेला वारकरी. निळ्या-जांभळ्या अंगाची, लाल चोचीची जांभळी पाणकोंबडी. भगव्या रंगाचा चक्रवाक. फावड्यासारख्या चोचीचा थापट्या. टोकदार शेपटीचं तलवार बदक. आणि पाण्यात चोच डावी-उजवी फिरवत चालणारा चमचा. रोहित (फ्लेमिंगो) दिसला तर नशीब, पण त्याच्यासाठीच गेलो असं मुलाला सांगू नका. नाही दिसला तर बाकीचे पाचशे पक्षी त्याच्या लेखी फुकट जातात. भडक कपडे, मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवणं, ड्रोन, हे काही नको. साडेनऊला आवरतं घ्या.

प्रश्न : आमची शेती सिन्नर तालुक्यात आहे. जानेवारीत वीस पाहुण्यांना हुरडा खाऊ घालायचा आहे. गेल्या वर्षी निम्मा करपला, निम्मा कच्चा राहिला, आणि बायका चोळून-चोळून कंटाळल्या. — शेतकरी वाचक

तिन्ही तक्रारींचं मूळ एकच, जाळावर भाजलं. हुरडा जाळावर नाही, आरावर, म्हणजे धुमसत्या निखाऱ्यांवर भाजतात.

आधी कणीस. दाणा नखाने दाबला तर चीक उडता कामा नये आणि पीठही निघता कामा नये. दाटसर, खव्यासारखं बाहेर आलं की तो दिवस. ही अवस्था एका प्लॉटवर जेमतेम आठवडाभर टिकते. म्हणून पाहुण्यांची तारीख ज्वारीला विचारून ठरवा, किंवा पुढच्या वर्षी हुरड्यापुरत्या ओळी आठ-आठ दिवसांच्या अंतराने पेरा. सुरती, गूळभेंडी किंवा फुले मधुर असेल तर दाणा बोंडातून सहज सुटतो. साध्या मालदांडीचा हुरडाही होतो, पण चोळताना घाम काढतो. कंटाळा बहुधा तिथूनच आला. कणसं त्याच सकाळी खुडा, ओल्या गोणपाटाखाली ठेवा. माणशी पाच, म्हणजे शंभर, वर वीस जास्तीची.

आगटीचा खड्डा दीड ते दोन फूट रुंद, फूटभर खोल, वाऱ्याच्या आडव्या बाजूला आणि कडब्याच्या गंजीपासून चांगला तीस-चाळीस फूट लांब. वीस जणांना दोन आगट्या लागतात. प्रत्येकीत पंधरा-वीस गोवऱ्या उभ्या रचून पेटवा आणि मग हात बांधून बसा. पाऊण तासाने धूर संपतो, गोवरीवर राखेचा पांढरा पापुद्रा येतो, आत लाल धग असते. गेल्या वर्षी हा पाऊण तासच गाळला गेला असणार, पाहुणे येऊन बसले की घाई होतेच. पहिली आगटी पाहुणे यायच्या तासभर आधी, दुसरी त्यानंतर अर्ध्या तासाने पेटवा, म्हणजे धग पाळीपाळीने मिळते.

एका वेळी पाच-सहा कणसं देठ बाहेर ठेवून आरात तिरकी खोचा. मिनिटभराने फिरवा, एकूण तीन मिनिटं. दाणे तडतडायला लागले आणि हिरव्यावर तपकिरी ठिपके आले की बाहेर. थांबायचं नाही, गरम असतानाच चोळायचं. दोन मिनिटं गेली की बोंड दाण्याला धरून बसतं. एक भाजणारा आणि दोन चोळणारे, हे प्रमाण धरा. हाताऐवजी दोन पदरी गोणपाटात कणीस गुंडाळून पाटावर रगडलं तर तळवे वाचतात. सुपात पाखडा, तूस उडालं की सरळ ताटात. ताटं भरून ठेवू नका, गार हुरडा चामड्यासारखा लागतो. आगटीभोवती बसून मूठ-मूठ खाण्याचा प्रकार आहे तो.

वीस जणांना लसणाची किंवा जवसाची चटणी अर्धा किलो, गूळ एक किलो, ताक पाच-सहा लिटर. जेवणाचा बेत हलका ठेवा, हुरड्यावर भरीत-भाकरी झेपते, पुरणपोळी नाही. पाहुण्यांची मुलं गोठ्यात गेली तर त्यांच्या हाती कोवळे ज्वारीचे पोंगे किंवा कापलेल्या ज्वारीचा फुटवा देऊ नका. वासराला किराळ लागते, म्हणजे कोवळ्या ज्वारीतलं विष बाधतं. त्यांना वाळला कडबा भरवू द्या. शेवटी आगटीवर दोन बादल्या पाणी आणि वर माती. राखेखाली धग रात्रभर राहते.

प्रश्न : जुलैत मुलांना धबधब्याखाली भिजवायला त्र्यंबक किंवा इगतपुरीकडे न्यायचं आहे. सुरक्षित धबधबा कोणता? — वाचक, सिडको

सुरक्षित धबधबा नसतो, सुरक्षित अंतर असतं. रस्त्याकडेच्या कड्यावरून ठिबकणाऱ्या पाण्यात भिजावं, तेही डोक्यावर सुटे दगड नसतील तिथे. ओढ्याच्या पात्रात उतरून जायचा धबधबा मुलांसह नको. तुमच्याकडे ऊन असलं तरी वरच्या डोंगरावर ढग फुटलेला असू शकतो, आणि ते पाणी खाली यायला अर्धा तासही लागत नाही. नितळ पाणी एकदम गढूळ झालं, पानं-काटक्या वाहून यायला लागल्या, किंवा आवाज जड झाला, यातलं एक जरी झालं तरी चपला-पिशव्या सोडून काठावर चढायचं. पलीकडे अडकलात तर पाणी ओसरेपर्यंत तिथेच बसा, ओलांडायला जाऊ नका. गुडघाभर पाणी जोरात असलं तर मोठा माणूसही आडवा होतो.

गंगापूर, काश्यपी, भंडारदरा, कुठल्याही धरणाच्या फुगवट्यात पोहू नका. काठाशी गाळ, आणि दोन पावलांवर जुन्या नदीपात्राची खोली. गाडीत दहा मीटर दोरी आणि पाच लिटरचा रिकामा, झाकण घट्ट लावलेला डबा ठेवा. कुणी बुडत असेल तर डबा दोरीला बांधून फेका, स्वतः उडी घेऊ नका.

प्रश्न : भंडारदऱ्याचे काजवे कधी? — वाचक, देवळाली कॅम्प

मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, वळवाच्या सरी झाल्यानंतर. मोठा पाऊस लागला की कमी होतात. अमावस्येच्या आसपासची रात्र बघा. शनिवार टाळा, घाटघर-रतनवाडीच्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि दिव्यांच्या झोतात काजवे लुकलुकणंच थांबवतात. काजव्यांचा तो उजेड म्हणजे जोडीदाराला घातलेली साद असते, त्यावर आपला उजेड पडला की साद हरवते. मुरशेत, पांजरे, उडदावणे यांपैकी एका गावात मुक्काम करा, गाडी दिवस मावळायच्या आत लावा आणि आठनंतर पायी जा. टॉर्चला लाल जिलेटिनचा दुहेरी कागद रबराने बांधा आणि झोत फक्त पायाशी ठेवा. हिरडा, बेहडा, सादडा यांच्या झाडांखाली जाऊ नका, समोर वीस पावलांवर उभे राहा. मादी खाली गवतात असते, तीच पायाखाली येते. फोटो येत नाहीत, फोन खिशात असू द्या.

पायात बंद बूट. साप चावलाच तर कापणं, चोखणं, घट्ट बांधणं यातलं काही नको. तो भाग हलू न देता 108 ला फोन आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात लगेच. चावल्याची वेळ कागदावर लिहून ठेवा, डॉक्टर तेच आधी विचारतात.

प्रश्न : अंजनेरीला गेलो तेव्हा कड्यावर मोठी पोळी लोंबताना दिसली. काही करावं लागतं का? — वाचक, गंगापूर रोड

ती आग्या मोहोळं. अत्तर नको, धूर नको, खडा मारणं नको, खाली ओरडणं नको. एक डसली तर त्या वासाने बाकीच्या येतात, म्हणून हात न झाडता चेहरा कापडाने झाकून आलेल्या वाटेने दूर चालू लागा. पाण्यात उडी मारून लपता येत नाही, त्या वर घिरट्या घालत थांबतात. काटा नखाने किंवा कार्डाच्या कडेने लगेच खरवडून काढा.